मुस्लिम समाजांतील स्त्रीहक्क आणि पाश्चात्त्य स्त्रीवाद: वाद नेमका कशाचा?

नवरा घर सोडून गेला, परत आला नाही आणि तो जिवंत आहे की नाही हेही कळेनासे झाले, तर पत्नीने किती वर्षे थांबायचे? भारतीय उपखंडातील बहुसंख्य मुसलमान ज्या हनफी परंपरेला मानतात, तिच्या जुन्या ग्रंथांतील उत्तर असे होते की त्या नवऱ्याच्या वयाची माणसे हयात असेपर्यंत. काही पंडितांनी तर त्याच्या जन्मापासून नव्वद वर्षे असा हिशेबही मांडून ठेवला होता. मालिकी परंपरेत मात्र हीच मुदत चार वर्षांची होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत, विशेषतः पंजाबात, अशा निरर्थक लग्नात अडकलेल्या काही स्त्रियांनी त्यातून सुटण्यासाठी इस्लामचाच त्याग केल्याचे जाहीर केले, कारण पत्नीने धर्म सोडला की विवाह आपोआप संपतो असे तेव्हाची न्यायालये मानत. हे पाहून उलेमा, म्हणजे मुस्लिम धर्मपंडित, हादरले. देवबंदी परंपरेतील मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मुफ्तींची मते मागवली, अडचणीच्या प्रसंगी हनफी न्यायाधीशानेही मालिकी मत स्वीकारायला हरकत नाही असे १९३१ मध्ये ग्रंथरूपाने मांडले, आणि त्या विचाराच्या आधारावर १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा संमत झाला. चार वर्षे नवऱ्याचा ठावठिकाणा नसणे, दोन वर्षे पोटगी न देणे, क्रूर वागणूक अशा कारणांवरून पत्नीला न्यायालयातून विवाह संपवून घेता येईल असे त्यात ठरले, आणि केवळ धर्मत्यागाने विवाह मोडणार नाही असेही त्याच कायद्यात लिहिले गेले. उलेमांना जे हवे होते त्यातले बरेच मिळाले, आणि स्त्रियांनाही.

या प्रकरणात लंडन-न्यूयॉर्कमधील एकही स्त्रीवादी नव्हती, आणि धर्माचा कायदा म्हणजे दगडावरची रेघ असेही कोणी धरून बसले नव्हते. तरीही मुस्लिम समाजांतील स्त्रियांचा विषय निघाला की चर्चा लगेच दोन ठरलेल्या टोकांना जाते. एक बाजू म्हणते की इस्लाममध्ये स्त्रीला स्थानच नाही, तिची सुटका बाहेरूनच व्हायची. दुसरी म्हणते की स्त्रीवाद हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे आणि आमच्या धर्माने स्त्रीला जे द्यायचे ते चौदाशे वर्षांपूर्वीच दिले आहे. ही दोन विधाने एकमेकांच्या विरोधात दिसतात खरी, पण ती वाढली एकमेकांच्या आधारानेच, आणि त्यांना शंभर-सव्वाशे वर्षांचा राजकीय इतिहास आहे. स्त्रियांचे प्रत्यक्ष भांडण या काळात बहुतेक वेळा वेगळ्याच जागी, म्हणजे कुटुंबकायद्याच्या कलमांवर चालू होते, असे मला वाटते, आणि पुढचे विवेचन त्याच अंगाने केले आहे.

आधी कायदा समजून घेऊ

मुस्लिम धर्मपंडित शरियत आणि फिक्ह यांत फरक करतात. शरियत म्हणजे ईश्वराने दाखवलेला मार्ग. फिक्ह म्हणजे तो मार्ग कुराण आणि हदीस (प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या परंपरेने आलेल्या नोंदी) यांतून समजून घेण्यासाठी माणसांनी केलेली मांडणी. सुन्नी मुसलमानांत हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली अशा चार मोठ्या परंपरा टिकल्या, शियांची जाफरी परंपरा वेगळी, आणि वरच्या उदाहरणात दिसले तसे या परंपरांचे निर्णय कित्येकदा एकमेकांपासून फार दूर असतात. न्यायालयात प्रत्यक्ष वापरला जातो तो फिक्ह, आणि आज तर तोही संसदेने किंवा राजाने कलमांत बांधून दिलेल्या रूपात.

दुसरी गोष्ट अशी की एकोणिसाव्या शतकात युरोपीय सत्तांच्या प्रभावाखाली बहुतेक मुस्लिम देशांतील फौजदारी, व्यापारी आणि महसुली कायदे युरोपीय धर्तीवर बदलले गेले. इजिप्तमध्ये १८८३ च्या सुमारास फ्रेंच नमुन्याच्या संहिता आल्या. विवाह, तलाक, वारसा आणि मुलांचा ताबा एवढेच विषय धार्मिक न्यायालयांकडे राहिले, आणि ती न्यायालये इजिप्तमध्ये १९५५ पर्यंत स्वतंत्रपणे चालली. याचा परिणाम असा झाला की चोरीची शिक्षा किंवा कर्जाचे व्याज बदलले तेव्हा फारसे कोणी धर्म बुडाल्याची ओरड केली नाही, पण पत्नीच्या तलाकाच्या हक्काला हात लागला की संपूर्ण समाजाची ओळखच पणाला लागल्यासारखे वातावरण होऊ लागले. घर हा धर्माचा शेवटचा बुरूज ठरला आणि त्याचे रक्षण करण्याची जबाबदारी, नेहमीप्रमाणे, बायकांवर आली.

तिसरी गोष्ट तुलनेची. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता बाळगण्याचा पुरा हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला. मुस्लिम स्त्रीला तो फिक्हने कित्येक शतके आधी दिलेला होता. मेहर, म्हणजे लग्नात नवऱ्याने पत्नीला द्यायचे धन, तिचे, माहेरचा वारसा तिचा, आणि लग्नामुळे ते नवऱ्याचे होत नसे. फ्रान्समध्ये पत्नीला नवऱ्याच्या परवानगीवाचून नोकरी करता येणे आणि बँकेत खाते उघडता येणे १९६५ मध्ये शक्य झाले. ट्युनिशियाने गर्भपाताला १९७३ मध्ये मान्यता दिली, फ्रान्सने १९७५ मध्ये. दुसऱ्या बाजूने पाहिले तर त्याच फिक्हमध्ये मुलीचा वारसा मुलाच्या निम्मा आहे, नवऱ्याला एकतर्फी तलाक देता येतो आणि पत्नीला मात्र कारण सिद्ध करावे लागते. तेव्हा पुढारलेले आणि मागासलेले अशी दोन रांगांत समाजांची मांडणी करणाऱ्याला या तारखा अडचणीत आणतात, आणि चौदाशे वर्षांपूर्वी सर्व काही मिळाले म्हणणाऱ्यालाही.

क्रोमरसाहेबांची कळकळ

१८८३ ते १९०७ या काळात इजिप्तचा कारभार ज्यांच्या हाती होता ते ब्रिटिश अधिकारी लॉर्ड क्रोमर यांना मुसलमान स्त्रीच्या स्थितीबद्दल फार वाईट वाटत असे. बुरखा आणि पडदा यांमुळे हा समाज मागे राहिला, आणि तो सुधारल्याशिवाय इजिप्शियन माणूस स्वराज्याला लायक होणार नाही, असा त्यांच्या लिखाणाचा रोख होता. त्यांच्याच कारकिर्दीत सरकारी शाळांची फी वाढवली गेली, आणि पूर्वी स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या संस्थेचे काम सुईणींच्या प्रशिक्षणापुरते आखडले गेले. मायदेशी परतल्यावर हेच गृहस्थ स्त्रियांना मताधिकार मिळू नये म्हणून स्थापन झालेल्या पुरुषांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. कैरोत स्त्रियांचे कैवारी आणि लंडनमध्ये स्त्रियांचे विरोधक, अशी ही भूमिका होती. इजिप्तमध्ये जन्मलेल्या अभ्यासक लैला अहमद यांनी या वृत्तीला 'वसाहतवादी स्त्रीवाद' असे नाव दिले, आणि ते नाव रुजले.

अशा वातावरणात १८९९ मध्ये कासिम अमीन या न्यायाधीशांनी स्त्रीमुक्तीवर पुस्तक लिहिले. मुलींना शिक्षण द्यावे, बहुपत्नीत्व आणि तलाक यांना आवर घालावा, चेहऱ्यावरचा पडदा दूर करावा अशा त्यांच्या मागण्या होत्या आणि त्यांतील बऱ्याच रास्त होत्या, परंतु इजिप्शियन स्त्रीचे वर्णन करताना त्यांचा सूर क्रोमरसाहेबांच्या सुराला फार जवळचा लागला. पुढे इजिप्तच्या राष्ट्रीय बँकउद्योगाचा पाया घालणारे तलात हर्ब यांनी लगेच त्यांना उत्तर दिले. स्त्रियांचा प्रश्न देशभक्तीच्या वादात ओढला गेला तो तेव्हापासून.

मराठी वाचकाला हा पेच नवा नाही. १८८७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे सांगितले ते धर्मशास्त्राच्या नव्हे तर इंग्रजी कायद्यातून आलेल्या दाम्पत्यहक्काच्या तत्त्वाने. आणि १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला तेव्हा परक्या सरकारने आमच्या घरात डोकावू नये ही भूमिका घेणाऱ्यांत लोकमान्य टिळक अग्रभागी होते. इजिप्तमध्येही घर सोडलेल्या पत्नीला पोलीस पाठवून नवऱ्याच्या घरी आणण्याची तरतूद होती आणि ती १९६७ पर्यंत टिकली. राज्यकर्ता परका असला की सुधारणेची मागणी फितुरीसारखी दिसते, हे पुण्यात जितके खरे होते तितकेच कैरोत.

या दोन्ही पक्षांतील पुरुषांकडे पाहून वैतागलेली एक बाई म्हणजे मलक हिफ्नी नासिफ. त्या शिक्षिका आणि लेखिका होत्या. लग्नानंतर नवऱ्याच्या वाळवंटी मुलखातील घरी गेल्यावर त्यांना कळले की त्याची आधीची पत्नी तिथेच आहे, त्यामुळे सवत या विषयावर त्यांचे लिखाण अनुभवाचे होते. बुरखा काढा असे सांगणारे पुरुष आणि घाला असे सांगणारे पुरुष, दोघेही आम्हांला हुकूमच करतात, असा त्यांचा आक्षेप होता. १९११ मध्ये इजिप्शियन राष्ट्रीय परिषदेपुढे त्यांच्या मागण्यांची यादी गेली. तीत पडदा काढण्याची मागणी नव्हती. मुलींना शिक्षण, वैद्यकीय व्यवसायात प्रवेश आणि मशिदीत स्त्रियांना जागा अशा गोष्टी होत्या. सर्व मागण्या फेटाळल्या गेल्या.

हुदा शारावींची गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे. १९१९ मध्ये इंग्रजांविरुद्ध कैरोच्या रस्त्यांवर उतरलेल्या स्त्रियांच्या मोर्चांत त्या पुढे होत्या. मार्च १९२३ मध्ये त्यांनी इजिप्शियन स्त्रीवादी संघ स्थापन केला, मे महिन्यात रोम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्त्री-मताधिकार परिषदेला त्या गेल्या, आणि परत आल्यावर कैरोच्या रेल्वे स्थानकावर त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सैझा नबरावी यांनी चेहऱ्यावरचा पडदा काढला. हा प्रसंग इतका सांगितला जातो की त्याच वर्षीची दुसरी घटना मागे पडते. संघाच्या मागणीला यश येऊन १९२३ मध्येच मुलींसाठी सोळा आणि मुलांसाठी अठरा असे विवाहाचे किमान वय इजिप्तमध्ये कायद्याने ठरले. आणि ज्या स्वातंत्र्यचळवळीसाठी या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या होत्या, तिच्या पुरुष नेत्यांनी त्याच वर्षीच्या संविधानात त्यांना मताधिकार दिला नाही. तो १९५६ मध्ये मिळाला, तोही दुरिया शफीक यांनी १९५१ मध्ये सुमारे पंधराशे स्त्रियांसह संसदेत घुसून आणि १९५४ मध्ये उपोषण करून झाल्यावर. युरोपातील चळवळीशी या स्त्रियांचे संबंध होते, परिषदांना त्या जात, फ्रेंच भाषेत नियतकालिकेही काढत. परंतु पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर युरोपीय भगिनी मौन पाळतात हे लक्षात आल्यावर शारावींनी १९३८ मध्ये कैरोत अरब आणि पूर्वेकडील स्त्रियांची स्वतंत्र परिषद भरवली. मदत घ्यायची पण मिंधे व्हायचे नाही, असे ते धोरण होते.

काढायला लावणारे आणि घालायला लावणारे

विसाव्या शतकात राज्यकर्त्यांनी स्त्रीच्या डोक्यावरच्या वस्त्राला जितके महत्त्व दिले तितके तिच्या पोटगीला दिले असते तर बरे झाले असते. इराणमध्ये रेझा शाह यांनी जानेवारी १९३६ मध्ये चादर (डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकणारे वस्त्र) आणि बुरखा यांवर बंदी घातली. पोलीस रस्त्यात स्त्रियांच्या अंगावरून चादरी ओढून काढत, आणि उघड्या डोक्याने बाहेर पडणे ज्यांना अशक्य वाटले अशा कितीतरी जणी घरातच बसल्या. मे १९५८ मध्ये, अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, फ्रेंच लष्कराच्या आश्रयाने अल्जीअर्सच्या चौकात मुसलमान स्त्रियांचे हाईक, म्हणजे अंग झाकणारे तिथले पारंपरिक वस्त्र, उतरवण्याचे जाहीर सोहळे झाले. त्यानंतर हाईक घालणे हे फ्रेंचांना विरोध करण्याचे चिन्ह होऊन बसले तर नवल नाही. आजच्या फ्रान्समध्ये सरकारी शाळांत २००४ पासून हिजाबला बंदी आहे, आणि हक्क देण्यासाठीच ही बंदी असल्याचे सांगितले जाते.

इराणच्या बाबतीत पुढचा भाग अधिक कटू आहे. शाहच्या काळात १९६७ आणि १९७५ मध्ये झालेल्या कुटुंबसंरक्षण कायद्यांनी नवऱ्याचा एकतर्फी तलाक न्यायालयाच्या कक्षेत आणला आणि मुलींच्या विवाहाचे वय अठरापर्यंत नेले. फेब्रुवारी १९७९ मध्ये क्रांती यशस्वी झाल्यावर काही आठवड्यांतच आयातुल्ला खोमेनी यांनी हा कायदा गुंडाळला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात सरकारी कार्यालयांत स्त्रियांना हिजाबची सक्ती असावी असे जाहीर केले. ८ मार्चला, म्हणजे महिला दिनीच, तेहरानच्या रस्त्यांवर हजारो स्त्रिया उतरल्या आणि हा निषेध काही दिवस चालला. यांतल्या बऱ्याच जणी शाहविरुद्धच्या आंदोलनात सहभागी झालेल्या होत्या. 'स्वातंत्र्य पूर्वेचे नाही, पश्चिमेचे नाही, ते जगाचे आहे' अशी त्यांची घोषणा होती. अमेरिकन स्त्रीवादी लेखिका केट मिलेट पाठिंबा देण्यासाठी तेहरानला आल्या आणि त्यांना थोड्याच दिवसांत देशाबाहेर काढण्यात आले. त्यांचा हेतू स्वच्छ होता याबद्दल मला शंका नाही; पण त्यांच्या तिथे असण्याने मोर्चेकरी स्त्रियांना अमेरिकेच्या हस्तक म्हणणाऱ्यांचे काम सोपे झाले, हेही तितकेच खरे. १९८३ पर्यंत हिजाब न घालणे हा फटक्यांच्या शिक्षेचा गुन्हा झाला.

यानंतर इराणी स्त्रियांनी काय केले हे पाहण्यासाठी त्यांचा छापील निकाहनामा उघडावा लागतो. १९८० च्या दशकापासून त्यात काही अटी आधीच छापलेल्या असतात. लग्नानंतर नवऱ्याने मिळवलेल्या मालमत्तेतील निम्म्यापर्यंत वाटा पत्नीला मिळावा ही एक अट. आणि नवऱ्याने पोटगी न देणे, व्यसनी होणे, तुरुंगात जाणे, परवानगीवाचून दुसरे लग्न करणे अशा बारा प्रसंगी त्याच्या वतीने तलाक घेण्याचे मुखत्यारपत्र पत्नीला देणे ही दुसरी. प्रत्येक अटीखाली नवऱ्याची सही झाली तरच ती लागू होते. त्यामुळे लग्नाच्या बोलणीत मेहरची सोन्याची नाणी किती यावर घासाघीस होते तशी कोणत्या अटीखाली सही करणार यावरही होते. सरकारने कायद्याचा दरवाजा लावल्यावर कराराच्या खिडकीतून जेवढे मिळवता येईल तेवढे मिळवण्याचा हा प्रयत्न होय. तो पुरेसा नव्हता हे सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीच्या कोठडीतील मृत्यूनंतर 'जन, जिंदगी, आजादी' म्हणजे स्त्री, जीवन, स्वातंत्र्य असे म्हणत रस्त्यावर आलेल्या जमावांनी दाखवले. ही घोषणा मुळात कुर्दी स्त्रियांच्या चळवळीतून आलेली आहे.

मोरोक्कोतील बारा वर्षे

एखाद्या देशात प्रत्यक्ष बदल कसा होतो हे समजून घ्यायचे तर मोरोक्कोसारखे उदाहरण नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर १९५७-५८ मध्ये तिथे मालिकी फिक्हवर आधारलेली मुदव्वना नावाची कुटुंबसंहिता आली. नवऱ्याने पोसायचे आणि पत्नीने आज्ञा पाळायची, प्रौढ स्त्रीलाही लग्नासाठी वली म्हणजे पुरुष पालक हवा, असा तिचा सांगाडा होता. १९९२ मध्ये एका स्त्रीसंघटनेने ही संहिता बदलण्यासाठी दहा लाख सह्या गोळा केल्या. धर्मद्रोहाचे आरोप झाले, राजाने मध्यस्थी केली आणि १९९३ मध्ये अगदी किरकोळ बदल झाले. पण कुराणासारखीच अचल मानली गेलेली संहिता माणसांना बदलता येते एवढे त्यातून सिद्ध झाले, आणि ते कमी नव्हते.

१९९९ मध्ये सरकारने स्त्रियांच्या विकासाचा आराखडा मांडला आणि त्याला जागतिक बँकेचे साहाय्य होते. विरोधकांना आयते शस्त्र मिळाले. १२ मार्च २००० रोजी राबातमध्ये आराखड्याच्या बाजूने आणि कॅसाब्लांकात विरोधात असे एकाच दिवशी दोन मोर्चे निघाले. विरोधकांचा मोर्चा कितीतरी मोठा होता आणि त्यात स्त्रियाही प्रचंड संख्येने होत्या. हे दृश्य पाश्चात्त्य निरीक्षकांना कोड्यात टाकणारे होते. आपल्या हक्कांविरुद्ध बायका कशा चालतील? परंतु त्यांपैकी अनेकींच्या दृष्टीने प्रश्न असा होता की घर, धर्म आणि नातेवाईक हाच ज्यांचा एकमेव आधार आहे, त्यांना जागतिक बँकेच्या कागदावर तो आधार सोडायला सांगणारे तुम्ही कोण. या शंकेला उत्तर देणे सुधारकांना भाग पडले आणि त्यामुळे त्यांचा युक्तिवाद अधिक भक्कम झाला.

या कामात धर्मग्रंथांचे पुन्हा वाचन करणाऱ्या अभ्यासकांचा मोठा हात होता. फेझमध्ये जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मर्निसी यांचे एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. 'जे लोक आपला कारभार स्त्रीच्या हाती देतात त्यांचे भले होत नाही' ही हदीस स्त्रियांना राजकारणातून दूर ठेवण्यासाठी सर्रास सांगितली जाते. मर्निसींनी ती कोणी आणि कधी सांगितली याचा माग काढला. ती सांगणारे प्रेषितांचे सहकारी अबू बक्रा यांना ती आठवली प्रेषितांच्या निधनानंतर सुमारे पाव शतकाने, इसवी सन ६५६ मध्ये प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा यांचा पक्ष लढाई हरल्यानंतर; आणि याच अबू बक्रांना खलिफा उमर यांच्या काळात व्यभिचाराचा आरोप सिद्ध करता न आल्याने खोट्या साक्षीबद्दल फटके बसले होते. हदीस कोणाकडून स्वीकारावी याचे मालिकी परंपरेचे जे कडक निकष आहेत, त्यांवर असा साक्षीदार टिकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो सर्वांना पटला असे नाही; अनेक उलेमा आजही ही हदीस विश्वसनीय मानतात. पण वाद त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच नियमांनी घातला गेला होता, त्यामुळे तो परकीय म्हणून झटकून टाकणे अवघड झाले.

मे २००३ मध्ये कॅसाब्लांकात बॉम्बस्फोट झाले, कट्टर गटांचा जोर ओसरला, आणि ऑक्टोबरमध्ये राजा मोहम्मद सहावे यांनी संसदेत नव्या संहितेची घोषणा केली. ईश्वराने निषिद्ध ठरवलेले मी वैध करू शकत नाही आणि वैध ठरवलेले निषिद्ध करू शकत नाही, असे सांगून त्यांनी प्रत्येक बदलामागे कुराण-हदीसचा आधार दिला. २००४ पासून लागू झालेल्या या संहितेत कुटुंबाची जबाबदारी पती-पत्नी दोघांवर आली, आज्ञापालनाचे कलम गेले, विवाहाचे वय दोघांसाठी अठरा झाले, प्रौढ स्त्रीला स्वतःचा विवाह स्वतः ठरवता येऊ लागला, तलाक न्यायालयाच्या देखरेखीखाली आला आणि दुसरे लग्न न्यायाधीशाच्या परवानगीवाचून अशक्य झाले.

कागदावरचे घरापर्यंत किती पोहोचले याचे उत्तर मात्र संमिश्र आहे. विसाव्या आणि एकविसाव्या कलमांत अल्पवयीन विवाहाला परवानगी देण्याचा अपवादात्मक अधिकार न्यायाधीशाला ठेवला होता, आणि असे बहुसंख्य अर्ज मंजूर होत राहिले. अपवादाचा रिवाज झाला. एकोणपन्नासाव्या कलमाने लग्नानंतरच्या मिळकतीच्या वाटणीचा वेगळा करार करण्याची सोय दिली, पण लग्नाच्या मांडवात वाटणीचा कागद पुढे कोण करणार? फार थोड्या जोडप्यांनी ती सोय वापरली. अत्याचार करणाऱ्याने पीडित मुलीशी लग्न केल्यास त्याची सुटका होईल असे दंडसंहितेतील कलम तर २०१४ पर्यंत तसेच होते. तशा लग्नात अडकलेल्या एका सोळा वर्षांच्या मुलीने २०१२ मध्ये आत्महत्या केल्यावर उठलेल्या आंदोलनाने ते गेले. गंमत म्हणजे अशा प्रकारची कलमे अरब देशांच्या दंडसंहितांत आली ती शरियतमधून नव्हे, तर फ्रेंच कायद्याच्या वळणाने.

मोरोक्कोच्या दहा लाख सह्यांचा प्रभाव पुढे कुठे गेला, तर २००६ मध्ये तेहरानमध्ये, जिथे स्त्रियांनी भेदभाव करणाऱ्या कायद्यांविरुद्ध त्याच नावाची मोहीम काढली. इजिप्तमध्ये २००० च्या कायद्याने पत्नीला नवऱ्याच्या संमतीवाचून खुला, म्हणजे पत्नीने मागून घेतलेली फारकत, घेण्याचा हक्क मिळाला तो प्रेषितांचे सहकारी साबित इब्न कैस यांच्या पत्नीने मेहरमध्ये मिळालेली बाग परत देऊन सुटका करून घेतल्याच्या हदीसवरून. त्यासाठी तिने न्यायालयात एवढेच सांगायचे की या संसाराचा मला तिटकारा आला आहे आणि त्यात राहिल्यास ईश्वराने घातलेल्या मर्यादा माझ्याकडून पाळल्या जाणार नाहीत. तिला मेहर परत करावे लागते आणि आर्थिक हक्क सोडावे लागतात, म्हणून गरीब स्त्रीला ही सुटका महाग पडते. महाराष्ट्रात हमीद दलवाई यांनी मात्र धर्मग्रंथांच्या नव्या अर्थाचा मार्ग न धरता थेट संविधानाच्या समतेवर बोट ठेवले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांच्या पुढाकाराने तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांविरुद्ध सात मुसलमान स्त्रिया मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या. हे दोन मार्ग एकमेकांना पर्याय आहेत की पूरक, याविषयी चळवळीतच मतभेद आहेत आणि ते राहतील.

अफगाणिस्तानचा धडा दोन्ही बाजूंना

१७ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकी अध्यक्षांच्या साप्ताहिक रेडिओ भाषणाची जागा त्यांच्या पत्नी लॉरा बुश यांनी घेतली आणि दहशतवादाविरुद्धची लढाई ही स्त्रियांच्या हक्कांचीही लढाई आहे असे सांगितले. क्रोमरसाहेबांची आठवण अनेकांना झाली. मानववंशशास्त्रज्ञ लैला अबू-लुगोद यांनी, मुस्लिम स्त्रियांना खरोखर कोणी वाचवण्याची गरज आहे का, असा प्रश्न विचारून त्या वेळी मोठी चर्चा घडवून आणली. अफगाण स्त्रियांची १९७७ पासून काम करणारी रावा ही संघटना तालिबानच्या विरोधात होती आणि अमेरिकी बॉम्बहल्ल्यांच्याही. तरीही पुढच्या वीस वर्षांत लक्षावधी मुली शाळेत गेल्या, कनिष्ठ सभागृहातील २४९ पैकी ६८ जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या, स्त्रिया न्यायाधीश आणि पत्रकार झाल्या, हे नाकारून चालणार नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेने दोहा येथे तालिबानशी जो करार केला त्यात मात्र स्त्रियांचा उल्लेखसुद्धा नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परतले. मुलींच्या माध्यमिक शाळा बंद झाल्या, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांचे दरवाजे बंद झाले. बाहेरच्यांनी बोलू नये, प्रत्येक समाजाची आपली संस्कृती असते, असे म्हणणाऱ्यांची इथे अडचण होते, कारण बोला असे अफगाण स्त्रियाच सांगत आहेत. काबूलच्या रस्त्यांवर 'नान, कार, आजादी' म्हणजे भाकरी, काम, स्वातंत्र्य अशी घोषणा देणाऱ्या स्त्रियांना कोणी परदेशातून शिकवून पाठवले नव्हते. त्यांना बाहेरून पाहिजे आहे ती सैन्य पाठवून केलेली सुटका नव्हे, तर एक नेमकी कायदेशीर गोष्ट. मार्च २०२३ मध्ये अफगाण आणि इराणी स्त्रियांनी मिळून सुरू केलेल्या मोहिमेची मागणी अशी आहे की दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदासाठी १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला त्याच धर्तीवर स्त्रियांना पद्धतशीरपणे वेगळे आणि दुय्यम ठेवणाऱ्या राजवटीसाठी लिंगाधारित वर्णभेद हा स्वतंत्र गुन्हा मानला जावा. ही मागणी अजून मान्य झालेली नाही. मात्र जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानचे सर्वोच्च नेते हैबतुल्ला अखुंदजादा आणि सरन्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्याविरुद्ध स्त्रिया आणि मुलींचा लिंगाच्या आधारावर छळ केल्याच्या आरोपावरून अटकेची वॉरंटे काढली.